उचल फिटेपर्यंत

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावात होती, म्हणून पुढचं राहिलं. त्यानंतर जे लिहिलं ते सहीपुरतं. सह्या मात्र पुष्कळ केल्या, कारण पाच वर्षं मी गावची सरपंच होते. तेव्हा वाचणाऱ्याने चुका सांभाळून घ्याव्यात. वाचणारं कोणी असेल की नाही तेही माहीत नाही. मंचरहून एक सर आले होते, ते दिवाळी अंक काढतात. माजी सरपंच बायकांनी आपला अनुभव लिहून द्यावा म्हणाले. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही, मान खाली घालून चहा दिला. ते गेल्यावर वाटलं, बोलता येत नाही तर निदान लिहून बघू. द्यायचं की नाही ते नंतर ठरवेन.

माझा खरा धंदा कांदा लागवडीचा. सरपंचपद मध्ये येऊन गेलं. लागवड त्याच्या आधी होती आणि नंतरही राहिली. लोणीकडून घोड नदीच्या बाजूला उतरलं की आमचं गाव लागतं. नदीकाठाने ऊस, वर कांदा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कांद्याचं रोप आधी एका जागी दाट वाढवतात. ते काडीएवढं जाड झालं की उपटायचं, जुड्या बांधायच्या, शेंडे छाटायचे, आणि वाफ्यात पाणी सोडून चिखलात एकेक रोप अंगठ्याने दाबत जायचं. दोन रोपांत चार बोटांचं अंतर. हे काम थंडीतलं. सकाळी पाण्यात पाय घातला की पोटरीपर्यंत बधिर होतो. दिवसभर कमरेत वाकलेलं राहायचं. हंगाम सरेपर्यंत अंगठ्याचं नख काळं पडून जातं, ते उन्हाळ्यात पुन्हा येतं.

एकटीने लागवड होत नाही, टोळी लागते. आमची टोळी बौद्धवस्तीवरच्या बायकांची. दर ठरवणं, दिवस धरणं, पैसे वाटणं हे माझ्याकडे होतं, कारण थोडेफार आकडे मला यायचे. बोलायचं काम शांताचं. तिची जीभ चालते तशी माझी कधी चालली नाही. आणि वाफ्यातली माझी जोडीदार हिराबाई. लागवडीत दोघींची जोडी असते. एकीने उजवीकडून लावत यायचं, एकीने डावीकडून, आणि मध्ये भेटायचं. हिराबाई विधवा. एकच मुलगी, लता, ती जुन्नर तालुक्यात निमगाव सावाला दिलेली. वयाने माझ्याहून बरीच मोठी, पण मध्यावर आधी तीच पोहोचायची आणि तिथून मला म्हणायची, "ये सुमन, ये. पावनी येती का मुक्कामाला ऱ्हाती तिकडंच?"

आता उचल म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पावसाळ्यात आम्हाला काम नसतं. शाळा तेव्हाच सुरू होतात आणि माणसं आजारीही तेव्हाच पडतात. अशा वेळी मोठा बागायतदार टोळीला पैसे आधी देतो, आणि थंडीत त्याच्या रानात लागवड करून ते फेडायचे. ही उचल. कागद नसतो. पैसे एकीच्या हातात, भार सगळ्यांवर. एखादी आजारी पडली तर तिच्या वाट्याचे वाफे बाकीच्या लावतात. मेली तरी लावतात. मेलेल्या बाईच्या नावावर उचल ठेवत नाहीत. उचल पैशाने परत करायची रीत नाही, ती हातांनीच फेडायची. आणि ती अंगावर असेपर्यंत मालकाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. त्याचं रान टाकून दुसऱ्याकडे जायचं नाही, भांडणात त्याच्या समोरच्या बाजूला उभं राहायचं नाही. हे आम्हाला कोणी बसून शिकवलं नाही. लागवड जशी आईच्या मागे चालता चालता आली, तसंच हेही आलं.

उचल पुरी झाली की मालकाने टोळीसमोर उभं राहून एकेकीचं नाव घ्यायचं आणि "फिटली" म्हणायचं, अशीही रीत होती. माझ्या सासूबाईंनी ते कानांनी ऐकलं होतं. मी टोळीत आले तेव्हापासून एकदाही ऐकलं नाही. आमचे मालक तात्या. गावात त्यांना सगळे तात्याच म्हणतात. शेवटचे वाफे राहिले की तात्या बांधावर यायचे आणि पुढच्या वर्षाची उचल आत्ताच हवी का विचारायचे. कोणाच्या तरी घरी लग्न असायचं, कोणाच्या दवाखाना. जुनी संपायच्या आत नवी चढायची. तात्या वाईट माणूस म्हणावा तर तसंही नाही. त्यांनी कधी शिवी दिली नाही. वस्तीवर कोणाला साप चावला की त्यांचीच गाडी निघायची. हे लिहिलंच पाहिजे, कारण त्यांच्याविरुद्ध बोलणं त्यामुळेच जास्त अवघड होतं.

सरपंचपदाची सोडत निघाली आणि आमच्या गावाला अनुसूचित जातीच्या बाईसाठी जागा आली. आम्ही तेव्हा तात्यांच्या रानात होतो. तात्या बांधावर आले आणि म्हणाले, "सुमन, यंदा तुजं नाव द्यायचं ठरलंय."

मला वाटलं, आणखी कोणाच्या लागवडीला. विचारलं, कशाला.

"सरपंचाला. गाव बिनविरोध करतंय. तुला काय करायचं न्हाई, ग्रामसेवक भाऊसाहेब हायेत, मी हाय."

शांता वाफ्यातूनच म्हणाली, "तात्या, मंग आमच्या वाफ्यात रोप कोन दाबनार? सरपंचबाय का?"

"सरपंचाला रोप दाबायला सरकारनं बंदी केलीय व्हय?" तात्या म्हणाले, आणि बायका हसल्या. मीही हसले.

जातीचा दाखला, त्याची पडताळणी, घोडेगावच्या आणि पुण्याच्या खेपा, अर्ज, शेवटी गावजेवण. तात्या म्हणाले, खर्च मी करतो, टोळीच्या उचलीत धरू. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्यातली एक बाई खुर्चीत बसणार होती, आणि तिला तिथे बसवायचा खर्च टोळी कांदे लावून फेडणार होती.

सरपंचाचं काम बाहेरून वाटतं तसं नसतं. निम्मं काम दाखल्यांचं. रहिवासी दाखला, हयातीचा दाखला, विजेसाठी ना हरकत. एक म्हातारबाबा यायचे, त्यांची निराधार पेन्शन बंद झाली होती कारण कुठेतरी ते मयत लागले होते. मी त्यांना हयातीचा दाखला दिला, तेव्हा म्हणाले, "बाय, ह्यातलं जिवंत जरा ठळक लिव. मागच्या टायमाला बारीक लिवलं व्हतं." एकदा मोटारसायकलवरून एक साहेब आले. मी ग्रामपंचायतीत एकटीच होते. त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं आणि सरपंच कधी येतील विचारलं. मी पाणी दिलं, खुर्चीत बसले आणि म्हटलं, कुठे सही करायची? ते बिचारे पाणी तसंच तोंडात धरून बसले. असे दिवस थोडे. बाकी दिवसांत मी गप्प बसायचे आणि ग्रामसेवक, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, ते काम दाखवायचे. माणूस वाईट नव्हता. विचारलं तर खरं सांगायचा. विचारायची मात्र मला भीती वाटायची.

पहिल्या वर्षी पुण्याला प्रशिक्षण झालं. मोठा हॉल, भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र. तिथे एका मॅडमनी सांगितलं की पूर्वी ग्रामपंचायत ही सरकारच्या मर्जीवर होती, निवडणुका झाल्या तर झाल्या. मग त्र्याहत्तराव्यांदा घटना दुरुस्त केली आणि ग्रामसभा, बायकांच्या जागा, आमच्या जागा, दर पाच वर्षांनी निवडणूक, हे सगळं घटनेतच लिहिलं. आता ते कोणाच्या मर्जीवर नाही. भिंतीवर एक यादी आली, पंचायतीकडे काय काय विषय सोपवता येतात त्याची. शेती, पाणी, रस्ते, घरं. त्यात एक ओळ होती, दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रम. मी ती ओळ दोनदा वाचली. वस्तीवर विहारात संविधानाची प्रत आहे, आम्ही तिला फुलं वाहतो. त्यात मागच्या पानांवर आमच्या गरिबीचाही विषय लिहिलेला आहे आणि तो माझ्याकडे दिलेला आहे, हे मला पुण्याला जाऊन कळलं. हात वर करून विचारावंसं वाटलं की मॅडम, उचलीचं ह्यात कुठे आहे? विचारलं नाही. मान खाली घातली, बाजूच्या बाईला वाटलं मला झोप आली.

आल्यावर भाऊसाहेबांना विचारलं की आपल्या वस्तीवर कोणकोणाचं घरकुल अडलं आहे. त्यांनी सांगितलं. पहिलं नाव हिराबाईचं. तिचं नाव मंजूर यादीत आलेलं आणि परत गेलेलं, कारण घरकुल बांधायचं तर पायाखाली स्वतःची जागा लागते आणि तिच्याकडे जागेचा पुरावा नव्हता. तिचं छप्पर ओढ्याच्या काठावर, तात्यांच्या उसाला लागून. पत्रा, ताडपत्री, आणि दाराला पोत्याचा पडदा. वस्तीवर अशी आणखी घरं होती. ज्यांना जागा नाही त्यांना घर नाही, आणि सगळ्यात गरीब तेच.

मी विचारलं, ह्याला उपाय काय? भाऊसाहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, "मॅडम, वरच्या माळावर सरकारी पड जमीन आहे. ग्रामसभेने ठराव केला की ही जागा घरांसाठी द्यावी, तर तो तालुक्याला पाठवता येतो. पण त्यावर ऊस कोणाचा आहे ते तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. त्या उसाच्या सरीत खुरपणी आम्हीच करायचो.

तात्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. मागून करायचं नव्हतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "घे ना ठराव. लोकशाही हाय. हात वर झालं तर झालं." आणि मला चहा दिला.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. आमच्याकडे ग्रामसभेला गावातले थोडेच येतात, आणि आलेले बघत असतात की हात कोणीकडे जास्त. वस्तीवरच्या बायका आल्या तर त्याच जास्त भरतात. टोळी सगळी आली होती, पुढे सतरंजीवर बसली होती. भाऊसाहेबांनी ठराव वाचला. तात्या बोलले नाहीत, दाराशी खांबाला टेकून उभे होते. मी म्हटलं, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.

मी माझा केला. शांताचा थोडा उचलला गेला आणि पदर सारखा करून खाली आला. मी हिराबाईकडे बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, काळ्या पडलेल्या नखांचे. ती त्यांच्याकडेच बघत होती. मागून दोन-चार हात आले, तेही इकडेतिकडे बघून खाली गेले. ठराव नामंजूर असं भाऊसाहेबांनी लिहिलं आणि मी सही केली. तात्या जाताना म्हणाले, "सरपंचबाय, उद्या खालच्या पट्टीला पानी सोडलंय, येळेवर या."

दुसऱ्या दिवशी वाफ्यात हिराबाई मध्यावर येऊन थांबली, पण पाहुणी म्हणाली नाही.

"माजा हात उठला न्हाई, सुमन."

मी म्हटलं, राहू दे.

"उचल अंगावर हाय. त्याच्या डोळ्यासमोर हात वर करायचा आन् दुसऱ्या दिशी त्याच्याच बांधावर भाकर सोडायची, हे मला जमायचं न्हाई."

"घर तुझं होतं, हिराबाई."

"घर व्हईल तवा व्हईल. आंदी उचल फिटू दे. मंग बघ, मी दोनी हात वर करीन."

मी तिच्यावर रागावू शकले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. माझा हात वर गेला तो सरपंच म्हणून. टोळीतली बाई म्हणून गेला असता की नाही, देव जाणे. घटनेने आम्हाला हात वर करायचा हक्क दिला होता. त्या हाताचे पैसे तात्यांनी आधीच देऊन ठेवले होते.

त्याच थंडीत ऊसतोड सुरू झाली. आमच्या भागात, जुन्नर काय आणि आंबेगाव काय, ऊस तुटायला लागला की बिबटे बाहेर येतात. पिढ्या उसातच झालेले, त्यांना जंगल माहीत नाही. वन खात्याचे लोक सांगून जातात, दिवेलागणीला बाहेर बसू नका, वाकून काम करू नका. वाकलेलं माणूस त्यांना जनावर वाटतं. आम्ही ऐकतो. वाकल्याशिवाय आमचं कोणतं काम होतं ते त्यांनी सांगितलेलं नाही.

हिराबाईकडे मोरी-न्हाणीघर नव्हतं. भांडी ती दाराबाहेर घासायची. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कामावरून परतलो, ती तिच्या वाटेला लागली. चूल पेटवून मी भाकरी थापत होते. ओरडणं ऐकू आलं नाही. शेजारच्या पोरीने येऊन सांगितलं की हिराआजीची भांडी पडलीत आणि आजी नाही. माणसं काठ्या, बॅटऱ्या घेऊन ओढ्याच्या काठाने वर गेली. ती सापडली वरच्या माळावर, तात्यांच्या उसात. मी बघायला गेले. ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की हाताला अजून राख होती.

दुसऱ्या दिवशी साहेब लोक आले, पिंजरा आला, आत शेळी बांधली. पंचनाम्यावर सरपंच म्हणून मी सही केली. लताला सरकारी मदत मिळाली, आणि फार वाट न बघता मिळाली. तिच्या आईला पक्की भिंत आणि लाकडी दार मिळायला जागेचा पुरावा लागत होता. मरणाला तेवढी अडचण आली नाही. पिंजऱ्यात बिबट्या अडकला, तो तोच होता का, कोणास ठाऊक. लोकांनी फोटो काढले.

जलदान विधीला तात्या आले. हात जोडून बसले. उठताना सगळ्यांदेखत म्हणाले, "हिराबाईच्या वाटची उचल म्या सोडली." लोकांना बरं वाटलं. मलाही क्षणभर वाटलं. पण शांता भिंतीला टेकून बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "सोडू नका तात्या. ती आमी लावू."

तात्या म्हणाले, "आगं, मी मोकळ्या मनानं म्हनतोय."

"आमीबी मोकळ्या मनानंच म्हनतोय."

तात्या गेल्यावर बायका उठल्या नाहीत. बोलणं माझ्याकडे आलं, आणि त्या दिवशी मला बोलता आलं. मी म्हटलं, हिराबाई म्हणाली होती, आधी उचल फिटू दे. फिटायची तर एकच वाट आहे. नवी घ्यायची नाही. येत्या पावसाळ्यात नाही, दसऱ्याला नाही, कोणाच्या घरी मयत झालं तरी नाही. कोणाला जमणार नसेल तर आत्ता सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. एकीने हिराबाईच्या फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली.

तो पावसाळा कसा काढला ते आम्हालाच माहीत. शांताच्या कानातलं गेलं. एकीने मुलाला दहावीनंतर शिकवायचं थांबवलं. तो चाकणला कंपनीत लागला, अजून तिथेच आहे. त्याची आई अजून माझ्याशी त्यावर बोलत नाही. माझे यजमान मंचरच्या बाजारात हमाली करायचे, त्यांचं मनगट मोडलं तेव्हा तात्या स्वतः घरी येऊन बसले. पैसे खिशातून काढून खाटेवर ठेवले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पैसे उचलून परत तात्यांच्या हातात दिले. तात्या एवढंच म्हणाले, "लई शिकलीस, सुमन."

थंडी आली, लागवड सुरू झाली. जुनी उचल आम्ही वाफ्यावाफ्याने कमी करत गेलो. हिराबाईच्या वाट्याचे वाफे मी आणि शांता लावायचो. मध्यावर पोहोचले की मी सवयीने वर बघायचे. शेवटी एक पट्टी राहिली, कालव्याजवळची. ती लावली की उचल पुरी. आणि त्या पट्टीला तात्या पाणीच सोडेनात. विचारलं तर म्हणाले, रोप बारीक आहे, सव्वीस जानेवारी होऊ द्या, मग बघू.

आम्ही जाऊन रोप बघितलं. ते कधीच लागवडीला आलं होतं, शेंडे पिवळे पडायला लागले होते. आणखी आठवडा गेला तर फुकट जाणार होतं. तात्यांना हे आमच्याहून चांगलं कळत होतं. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती आणि ठराव मी पुन्हा लावला होता. त्यांनी एक पट्टी रोप वाळायला ठेवलं, म्हणजे आमच्या अंगावर थोडी तरी उचल राहावी.

तेव्हा शांता म्हणाली की ऱ्हायलेली पैशानं देऊन टाकू. असं कोणी कधी केलेलं नव्हतं. एक म्हणाली, मालकाच्या तोंडावर पैसे फेकल्यासारखं होईल. शांता म्हणाली, "फेकनार न्हाई. हळूच ठिवू."

पैसे उभे केले. बचत गटातून काही काढले, माझं सरपंचाचं मानधन त्यात घातलं. बाकीच्यासाठी टोळी जीपने निमगाव सावाकडे जाऊन रोख लागवड करून आली. लताने सासरच्या ओळखीने काम मिळवून दिलं. तिला आईच्या वाट्याचे पैसे मदतीच्या रकमेतून द्यायचे होते. आम्ही घेतले नाहीत. ती स्वतः वाफ्यात उतरली, तेवढं आम्ही घेतलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी एकच सांगायचं राहील. ठराव त्या सव्वीस जानेवारीला मंजूर झाला. टोळीचे सगळे हात वर गेले आणि ते बघून मागचेही गेले. पण ठराव झाला म्हणजे घर झालं असं नसतं. मोजणीला फार वेळ गेला. तात्या कोर्टात गेले. निम्मा माळ अजून अडकलेला आहे, त्यावर अजून ऊस आहे. बाकीच्या निम्म्यावर घरं उभी राहिली, लोखंडी दारांची, आणि शांता त्यातल्या एका घरात राहते. जे निम्मे राहिले ते अजून ओढ्याकाठी पोत्याच्या पडद्यामागे आहेत आणि संध्याकाळी भांडी आत घासतात. माझी मुदत संपली. पुढची सोडत दुसरी निघाली. माझ्यानंतरच्या सरपंचाने त्या निम्म्यासाठी काय केलं ते मी विचारायला गेले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. त्या चहावरून मी ओळखलं, काहीच केलेलं नाही.

आता ती सकाळ. सव्वीस जानेवारी, शाळेत झेंडावंदन. झेंड्याची दोरी सरपंचाने ओढायची. पोरं इस्त्रीचे कपडे घालून ओळीत उभी होती. आम्ही सगळ्या निघालो, पण शाळेत न जाता आधी तात्यांच्या दारात गेलो. तात्याही पांढरे कपडे घालून शाळेकडेच निघाले होते. मी पैसे रुमालातून काढून ओट्यावर ठेवले, हळूच. म्हटलं, "तात्या, टोळीची राहिलेली उचल. मोजून घ्या."

त्यांनी पैशाकडे बघितलंच नाही. "उचल कुनी पैशानं फेडतं का? लागवड ऱ्हायलीय, ती करा. मी कुठं तगादा लावलाय?"

"रोप पिवळं पडलंय, तात्या," शांता म्हणाली. "आमी बघून आलो."

तात्या म्हणाले, झेंड्याला उशीर होतोय, हे मागून बघू. ते चप्पल घालायला लागले. मी ओट्याच्या पायरीवर बसले. माझ्या मागे एकेक करून सगळ्या बसल्या. मला त्याहून जास्त बोलता आलंही नसतं. शाळेकडून भाऊसाहेबांचा फोन आला. मी उचलला नाही. मग त्यांनी तात्यांना लावला. तात्या फोनवर म्हणाले, "हितंच हायेत, येतायत." आणि माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही. शाळेच्या कर्ण्यावर गुरुजी पोरांना पुन्हा पुन्हा सावधान-विश्राम करवत होते, ते तिथपर्यंत ऐकू येत होतं. रस्त्याने जाणारी माणसं थांबायला लागली.

तात्यांनी चप्पल काढली. ओट्यावर बसून पैसे मोजले. मोजताना त्यांचा हात शांत होता, ते मान्य केलं पाहिजे. मोजून झाल्यावर म्हणाले, "बराबर हायेत. झालं आता? चला."

मी म्हटलं, "नावं घ्या, तात्या."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांच्या आईने घरातून दारात येऊन बघितलं. म्हातारीला ती रीत ठाऊक असणार. तात्या उभे राहिले. त्यांनी शांताचं नाव घेतलं आणि "फिटली" म्हणाले. मग पुढचीचं. मग त्या पुढचीचं. प्रत्येक नावाला एकेक बाई पायरीवरून उठत गेली. माझं नाव घेताना त्यांनी सरपंचबाई म्हटलं नाही, सुमन म्हटलं, आणि "फिटली" म्हणाले. मी उठले, पण निघाले नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून ओढ्याच्या दिशेने बघितलं.

"हिराबाई," तात्या म्हणाले. "फिटली."